माझ्या कार्डावरची बाटली

माझं शेवटचं फील्ड पोस्टिंग उत्तरेकडच्या बर्फात होतं. जागेचं नाव सांगत नाही, सांगून कुणाला कळायचंही नाही. पोस्टवर आम्ही दहा जण. मी सेक्शन कमांडर, हवालदार सदाशिव. पहाटे साडेचारला स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चात उभं राहायचं. सहाला चहा. मग बर्फ उपसणं, संतरी ड्यूटी, संध्याकाळी पुन्हा स्टँड-टू. रोज संध्याकाळी सहाला वायरलेसवर कंपनीला रिपोर्ट द्यायचा. सेटवर माझा लान्स नायक पांडुरंग बसायचा, चंदगडकडचा.

"सिच्युएशन? ओव्हर."

"ऑल ओके. ओव्हर."

रॉकेल संपत आलेलं असो, कुणाला ताप चढलेला असो, पांडूचं 'ऑल ओके' ठरलेलं. मग मी सेट हातात घेऊन खरं काय ते सांगायचो. तक्रार करणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. मला त्याचं कौतुक वाटायचं. ते कौतुक चुकीचं होतं, पण हे कळायला मला पुढं बारा वर्षं लागली.

पोस्टवर रमचा इश्यू व्हायचा. ठरलेल्या दिवशी, सगळ्यांसमोर, मोजून. मी स्वतः वाटायचो आणि कुणाच्या मगात थेंबाचा फरक पडू द्यायचो नाही. लोक मला विचारतात, मिल्ट्रीनं तुम्हाला दारू लावली का? मिल्ट्रीनं मला मोजून पाजली. बेसुमार मी गावात येऊन प्यायलो. दुसऱ्यावर ढकलण्याआधी माणसानं आपला वाटा खरा सांगावा.

दहा गेलो, दहा परत आलो. हे वाक्य मी बरीच वर्षं छाती पुढं काढून सांगत होतो.

पेन्शन घेऊन गावी आलो. नेसरीपासून जवळ आमचं गाव. करायला काही नव्हतं असं नाही. ऊस होता, दोन म्हशी होत्या, बायको मंगल होती. टाइमटेबल मात्र नव्हतं. पहाटे साडेचारला जाग यायची आणि उठून करायचं काय, हे सांगणारं कुणी नव्हतं. पहिल्यांदा संध्याकाळी प्यायचो. मग जेवणाआधी. शेवटी शेवटी स्टँड-टूच्या वेळेला पहिला घोट जायचा. अशी आठ वर्षं काढली. गाव मला तोंडावर 'हवालदार' म्हणायचं. पाठीमागं काय म्हणायचं ते मंगलला ऐकायला लागायचं.

एकदा ट्रॉलीचा दांडा तुटला म्हणून गडहिंग्लजला वेल्डिंगच्या दुकानात गेलो. बाबालाल मिस्त्रींचं दुकान. सकाळचे अकरा वाजले होते आणि माझ्या तोंडाला वास होता. मिस्त्रींनी डोळ्यांवरची काच वर केली आणि माझ्याकडं बघितलं.

"पावणं, किती वर्सं पिताय?"

"तुमाला काय करायचंय? दांडा जोडा."

"जोडतो की. मी चौदा वर्सं प्यायलो. आता न्हाय पीत. आमची मीटिंग असती रविवारी धा वाजता, हितंच मागं शाळंत. सगळी आमच्यासारखीच असत्यात. या."

माझं डोकं सणकलं. नोकरीत मी चाळीस-चाळीस रिक्रूट पळवलेले, आणि एक मिस्त्री मला उभ्याउभ्या दारुड्यांच्या रांगेत बसवतोय. दांडा जोडून झाला तसे पैसे टाकून निघालो. घरी येऊन त्या रागावर आणखी प्यायलो. रागाचं निमित्त झालं, एवढंच. निमित्त मला रोजच मिळायचं.

मग सव्वीस जानेवारी आली. गावातल्या शाळेत झेंडा बांधायचं काम दरवर्षी माझं. घडी घालून सरकगाठ मारायची, वर चढवायचा, दोरी ओढली की झेंडा उलगडतो. साडेसातला झेंडावंदन. त्या सकाळी मी एक थेंबही घेतला नव्हता. झेंड्याला हात लावायचा तर पिऊन नाही, एवढी लाज शिल्लक होती. पण न प्यायल्यामुळंच हात थरथरत होते. सरकगाठ गच्च बसली. सरपंचांनी दोरी ओढली, झेंडा उलगडेना. पुन्हा ओढली. मग मी पुढं होऊन ओढली, तर गाठ आणखी आवळली. शेवटी मुख्याध्यापक बाईंनी झेंडा खाली घेतला, स्वतः गाठ सोडवली आणि पुन्हा बांधला. पोरं हसली नाहीत. हसली असती तर परवडलं असतं. मी युनिफॉर्मची मेडलं लावून तिथं उभा होतो आणि मला मरणाची लाज वाटत होती.

घरी आल्यावर मंगल म्हणाली, "आज पिला न्हाईसा तर हात थरथरत्यात. पिलासा तर पाय. आता कसं करायचं ते तुमीच सांगा."

तिचा आवाज चढलेला नव्हता. म्हणून जास्त लागलं.

त्या रविवारी दहाला पंधरा मिनिटं कमी असताना मी मिस्त्रींच्या दुकानामागच्या शाळेत हजर होतो. पाचवीचा वर्ग. भिंतीवर पाढे, बाकं लहान, त्यामुळं सगळ्यांचे गुडघे छातीला आलेले. एक रिटायर मास्तर होते, ते गारगोटीहून यायचे. एक एसटीचे ड्रायव्हर, एक शिंपी, बाकी आमच्यासारखे शेतकरी. बाबालाल मिस्त्री चहाचे कप पुसत होते. त्यांनी मला ओळखलं, पण दुकानातल्या गोष्टीचा उल्लेख केला नाही.

एकेक जण बोलत होता. आधी नाव, मग 'मी मद्यपाशी आहे'. दारूच्या पाशात सापडलेला, तो मद्यपाशी. तिथं हाच शब्द वापरतात. माझी पाळी आली तसा मी सावधान झालो आणि नंबर, रँक, नाव, पलटण, सगळं खणखणीत सांगितलं. खोलीत कुणीतरी हसलं. मिस्त्री म्हणाले, "पावणं, नाव पुरं. बसा आरामात. हितं सगळी शिपाईच हायत."

पुढचं वाक्य माझ्या तोंडातून येईना. मी म्हणालो, "मला थोडा त्रास आहे." कुणी दुरुस्त केलं नाही. चौथ्या मीटिंगला ते वाक्य बाहेर पडलं आणि पडल्यावर बरं वाटलं, हे मी इथं सरळ कबूल करतो.

एक गोष्ट सांगून ठेवतो, कुणाच्या उपयोगी पडेल. पहिल्या मीटिंगनंतर मी त्याच दिवसापासून दारू बंद करतो म्हणालो, तेव्हा मिस्त्रींनी मला अडवलं. "अशी एकदम सोडाची न्हाय. एवढ्या वर्सांची हाय, फिट येती. आधी डॉक्टर, मग बहादुरी." त्यांनी स्वतः मला दवाखान्यात नेलं. सहा दिवस ॲडमिट होतो. दुसऱ्या दिवशी मला भिंतीवर बर्फ दिसत होता. मिस्त्री रोज दुपारी डबा घेऊन यायचे आणि मी खाईपर्यंत बसून राहायचे. ज्या माणसाशी मी तोंडभर बोललोही नव्हतो, तो माझ्यासाठी दुकान बंद ठेवून येत होता.

पुढं रविवार चुकला नाही. सकाळी आठची एसटी, दहाला मीटिंग, साडेअकराला चहा. माझं टाइमटेबल परत आलं. सहा महिने गेले, वर्ष गेलं. मंगल पुन्हा माझ्यासमोर बसून जेवायला लागली.

आता माझ्या चुकीकडं येतो. ही चूक आमच्या भागातला फौजीच करू जाणे.

माजी सैनिकाला कॅन्टीनच्या कार्डावर दर महिन्याला दारूचा कोटा मिळतो. तो स्वतःसाठी असतो, दुसऱ्याला द्यायचा नाही, असा नियम आहे. पण आमच्याकडं फौजीच्या बाटलीला मान फार. मिल्ट्रीची दारू म्हणजे चोख, असा सगळ्यांचा समज. वायरमनला बोलवायचं तर फौजीची बाटली, तलाठ्याकडं काम असलं तर फौजीची बाटली, यात्रेला पावणं आली तरी फौजीची बाटली. प्यायचं सोडल्यावरही मी कोटा उचलत राहिलो. मी पीत नाही ना, मग झालं, असा माझा हिशेब. बाटल्या काळ्या ट्रंकेत, ट्रंकेला कुलूप, किल्ली मंगलकडं. तंबूत दारूगोळा ठेवावा तसा बंदोबस्त. उलट मला त्याचा गर्वच होता की बाटल्या घरात असून मी हात लावत नाही. मीटिंगमध्ये मात्र ही गोष्ट मी कधी काढली नाही. जी गोष्ट माणूस मीटिंगमध्ये काढत नाही, तीच नेमकी काढायची असते. हे मला मागाहून समजलं.

त्याच सुमारास पांडूची बातमी आली. पेन्शन घेऊन तो चंदगडच्या पलीकडं आपल्या गावी होता. काजूची थोडी झाडं, भाताचं रान. पिऊन दोनदा ओढ्यात पडला होता. मी एसटीनं त्याच्या घरी गेलो. त्याला अंगणात उभं केलं.

"रविवार. दहा वाजता. गडहिंग्लज. दाढी करून यायचं. काही प्रश्न?"

"न्हाय, उस्ताद."

"कार्ड आण."

त्यानं त्याचं दारूचं कार्ड आणून दिलं. मी ते खिशात घातलं. त्याचा थोरला भाऊ ओसरीवरून बघत होता.

आधी डॉक्टरांकडचे उपचार झाले, मग पांडू ओळीनं अकरा रविवार आला. साडेनऊलाच येऊन बसायचा, माझ्या शेजारी, ताठ. मी विचारायचो, "काय हाल?" तो म्हणायचा, "ऑल ओके, उस्ताद." बोलायची पाळी आली की नाव सांगायचा आणि बसायचा. मी खूश. एक जवान परत लाईनीत आणला म्हणून जमिनीच्या दोन बोटं वरून चालत होतो.

मिस्त्रींनी मला एकदा बाजूला घेतलं. "हवालदार, तो दारू सोडाय येत न्हाय. तुमाला भिऊन येतोय."

"येतोय न्हवं? मग?"

"भ्या वाटून आलेला माणूस खरं बोलत न्हाय. आणि खरं न बोलता हितं बसून काय उपेग न्हाय."

मी म्हणालो, शिस्तीनं माणूस सुधारतो, मी बावीस वर्षं तेच केलंय. मिस्त्री हसले आणि कप धुवायला गेले.

मग पांडूच्या गावची यात्रा आली. यात्रेला घराघरात मटण आणि पै-पाहुणे. दरवर्षी त्यांच्याकडं पांडूच्या कार्डावरच्या बाटल्या असायच्या. यंदा कार्ड माझ्या खिशात. म्हणून त्याचा थोरला भाऊ शनिवारी माझ्या दारात आला.

"हवालदार, पावण्यांस्नी काय दावायचं? घराण्याची अब्रू हाय. दोन द्या की."

मी मंगलला हाक मारली. तिनं किल्ली माझ्या हातात न देता ट्रंकेवर ठेवली आणि आत गेली. तेव्हा तरी कळायला हवं होतं. मी दोन बाटल्या काढून दिल्या आणि वर ऑर्डरही दिली, "पांडूच्या हाताला लागता कामा न्हाय." भाऊ म्हणाला, "छे, छे." असा तो शनिवार.

दुसऱ्या दिवशी रविवारी पांडू मीटिंगला आला नाही. यात्रा आहे, असेल घरी, असं मी समजलो. सोमवारी सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी त्याच्या बायकोचा फोन आला. पांडू काल दुपारी पावण्यांत बसून प्यायला. संध्याकाळी शुद्धीवर आला, रडला. आज पहाटे अंथरुणात नव्हता. एक बाटली नव्हती. मोबाईल घरातच होता.

मला विलास आठवला. विलास आमच्याच सेक्शनचा शिपाई, नेसरीच्या खालच्या अंगाच्या गावचा. तोही दहात होता, तोही परत आलेला. माझ्या पिण्याच्या काळात तोही प्यायचा. एक दिवस तो असाच घरातून निघून गेला आणि तिसऱ्या दिवशी कॅनॉलच्या कडेला सापडला. गुदमरून गेला होता. त्याच्या दहाव्याहून परत येताना मी वाटेत थांबून प्यायलो होतो. झालं ते झालं.

मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, "निघालो." साडेनऊला मी आमच्या फाट्यावर एसटीच्या शेडसमोर उभा होतो. पावणेदहाला ड्रायव्हरांची जीप आली. मिस्त्री, मास्तर, शिंपी, सगळे कामं टाकून आलेले. अकराला पांडूच्या गावात पोचलो. मी जीपच्या बॉनेटवरच्या धुळीत बोटानं नकाशा काढला. काजूची बाग, ओढा, एसटी थांबा, हातभट्टीची जागा. दोघादोघांच्या तुकड्या केल्या. दर वीस मिनिटांनी फोनवर रिपोर्ट.

"ओढा?"

"कोण न्हाय."

"बाग?"

"न्हाय."

बारापर्यंत सगळीकडून 'न्हाय'. मी दुसरा नकाशा काढायला लागलो. मिस्त्रींनी माझा हात धरला.

"हवालदार, थांबा. दारुडा कुठं जातो ते दारुड्यास्नी इचारा. आपुन पाच जण हाय की. लाज वाटली की तुमी कुठं जायचा?"

मास्तर म्हणाले, ते एसटीत बसून शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचे. शिंपी म्हणाला, बहिणीच्या गावात जायचो आणि तिच्या दाराकडं न जाता देवळात बसायचो. मिस्त्री म्हणाले, "मी अब्बांच्या कबरीकडं जायाचो. ज्याला तोंड दावाय नगं वाटायचं, त्याच्याच अंगाला पाय वळायचं." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "पांडू सगळ्यात जास्त कुणाला भितोय?"

मी जीपमध्ये बसलो. सव्वाएकला आम्ही पुन्हा आमच्या फाट्यावर होतो. शेडच्या मागच्या बाजूला, भिंत आणि बाभळीच्या मधल्या जागेत, पांडू एका कुशीवर पडला होता. उलटी झालेली, अंगात कापरं, ओठ सुकलेले. श्वास चालू होता. साडेनऊला मी याच शेडसमोर पाव तास उभा होतो. आमच्यात एक भिंत होती. रस्त्याकडेला पडलेल्या दारुड्याकडं कुणी बघत नाही आणि मी तर नकाशा काढायच्या घाईत होतो.

मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्यानं डोळे उघडले आणि उठायचा प्रयत्न केला.

"पडून रहा. कवा आलास?"

"पैल्या गाडीनं."

"घरी का आला न्हाईस?"

"तुमी काय म्हणशीला म्हणून." मग थोडं थांबून म्हणाला, "उस्ताद, ऑल ओके न्हाय. कवाच नव्हतं."

एवढ्या वर्षांत त्यानं मला दिलेला तो पहिला खरा रिपोर्ट. मला रडू आलं. सगळ्यांसमोर रडलो.

मिस्त्रींनी बाजूची अर्धी बाटली उचलली. कॅन्टीनचा शिक्का त्यांना वाचता आला.

"ही कुठली?"

"माझ्या कार्डावरची."

त्यांनी बूच उघडलं. बाटली तिथंच मातीत ओतली आणि पांडूचे पाय धरले. पावणेदोनला तो दवाखान्यात होता. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणला.

त्या संध्याकाळी घरी आलो, ट्रंक अंगणात ओढली आणि मंगलला म्हणालो, "किल्ली दे." तिनं दिली. उरलेल्या बाटल्या एकेक करून उकिरड्यात ओतल्या. ती शेजारी उभी होती.

"मी किल्ली सांभाळली, तुमी बाटल्या. दोघं बी येडी," ती म्हणाली. मग आत जाऊन तिनं चहा ठेवला.

पुढच्या रविवारी मी मीटिंगमध्ये सगळं सांगितलं. ट्रंक, कोटा, वायरमन, तलाठी, यात्रा. बावीस वर्षांत मी कधी रँक उतरवून घेतली नव्हती, त्या दिवशी स्वतःच्या हातानं उतरवली. बोलून झाल्यावर वाटलं, आता हे मला बाहेर काढतील. मिस्त्री म्हणाले, "बरं झालं बोलला. चा घ्या." दारूचा कोटा मी तेव्हापासून उचलत नाही. गावानं थोडं तोंड वाकडं केलं. हवालदार चिक्कू झाला, म्हणाले. वायरमन आता फोन केल्यावर दोन दिवसांनी येतो. येऊ दे.

पांडूला दवाखान्यात भेटायला गेलो, तेव्हा त्याचं कार्ड त्याच्या हातात परत दिलं. म्हणालो, "पांडू, मी रविवारी जातोय. तुला यायचं असलं तर ये." एवढं साधं वाक्य बोलायला मला फार जड गेलं. तो पहिल्या रविवारी आला नाही. दुसऱ्यालाही नाही. मी फोन उचलून ठेवला, उचलून ठेवला. तिसऱ्या रविवारी दहा वाजून दहा मिनिटांनी दारात उभा राहिला. उशिरा आला, दाढी वाढलेली, आणि माझ्या शेजारी न बसता शिंप्याजवळ बसला. त्या दिवशी तो पंचवीस मिनिटं बोलला. निम्मं माझ्याविरुद्ध होतं. मी ऐकून घेतलं.

दारू सोडून वर्ष झालं की आमच्याकडं त्याचा वाढदिवस करतात. त्या मीटिंगला घरची माणसंही येतात. पांडूच्या वाढदिवसाला पाचवीचा वर्ग पुरला नाही, व्हरांड्यात सतरंजी टाकली. मंगल आली. पांडूची बायको आली, थोरला भाऊ आला आणि कोपऱ्यात मान खाली घालून बसला. आणि विलासची बायको आली, शालन वहिनी. तिला पांडूनं स्वतः जाऊन बोलावलं होतं. ती मागच्या रांगेत बसली. मी तिच्याकडं बघायचं टाळत होतो.

पांडू उभा राहिला.

"माझं नाव पांडुरंग. मी मद्यपाशी हाय. आज वरीस झालं. आमच्या गावात चौकात स्तंभ हाय, लढाईत गेलेल्यांची नावं हायत त्यावर. मी जाता-येता हात जोडतो. पर जी लढाईतनं घरला आली आणि घरात गेली, त्यांचं नाव कोण कुठं लिवत न्हाय. आज मी घेतो. सगळी उभी रावा."

लान्स नायकाच्या ऑर्डरवर मी उभा राहिलो. सगळे राहिले.

"शिपाई विलास," पांडू म्हणाला.

मिस्त्री म्हणाले, "माझा धाकटा भाऊ, इस्माईल." मास्तरांनी त्यांच्या एका विद्यार्थ्याचं नाव घेतलं. ड्रायव्हरांनी त्यांच्या कंडक्टरचं. मागून बायकांनीही नावं घेतली, हळू, पण ऐकू येतील अशी. बरीच नावं निघाली. मग पांडू म्हणाला, "बसा," आणि आम्ही बसलो.

चहाच्या वेळी मी शालन वहिनींच्या पुढं जाऊन उभा राहिलो. विलासचा स्वतःचा कोटा दहा तारखेपर्यंत संपायचा. मग त्याचा मला निरोप यायचा आणि मी माझी बाटली पिशवीत घालून त्याच्या घरी द्यायचो. हे मी मीटिंगमध्येही सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

"वहिनी, शेवटी शेवटी विलास जी प्यायचा ती माझ्या कार्डावरची असायची."

"म्हाईत हाय की मला, भावजी," ती म्हणाली. "पिशवी तुमच्या हातातनं मीच घ्यायची."

ती कपातला चहा फुंकत राहिली. मग म्हणाली, "घरात पिलं तर नजरंसमोर तरी ऱ्हातील, आसं वाटायचं मला. कुणाकुणाला दोष द्यायचा? त्यांचं नाव असं चारचौघांत कुणी घेतलं नव्हतं. आज घेतलं. बरं वाटलं." आणि थोडं जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "माझा थोरला पियाला लागलाय. कामावरनं येताना घिऊनच येतोय. त्याला आणू काय हितं?"

'उद्या सकाळी मी येतो, तयार राहा म्हणावं,' हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं.

"त्याला इचारा वहिनी. येतो म्हणाला तर मी आमच्या फाट्यावर थांबतो. आठच्या गाडीला. न्हाय आला तर पुढच्या रविवारी थांबतो."

पहिले दोन रविवार मी एकटाच गाडीत चढलो. तिसऱ्या रविवारी तो फाट्यावर उभा होता. पंचवीस वर्षांचा, नाक-डोळे सगळे विलासचे. डोळे लाल होते. आम्ही शेजारी बसलो. गाडी हलली तरी मी काही विचारलं नाही. नेसरी मागं पडल्यावर त्यानंच तोंड उघडलं.

"काका, आमचं बाबा तुमच्या संगट होतं न्हवं? कसं होतं ते? मला त्यांचं पिलेलंच तोंड आठवतंय."

मी त्याला सांगायला लागलो. पोस्टवर दिवाळीच्या पहाटे विलासनं कुणाला न सांगता तीन तास स्टोव्हवर बर्फ वितळवला होता आणि बाकीच्या नऊही जणांना एकेक तांब्या गरम पाणी दिलं होतं, अंघोळ म्हणून. स्वतःला उरलं नव्हतं. तेल कुठून आणलं विचारलं तर गालात हसला होता. तो शिट्टी सुंदर वाजवायचा. दोरीवर चढताना खालच्याला आधी विचारायचा, तुझा पाय बसला काय. पोराचं पत्र आलं की आम्हा सगळ्यांना वाचून दाखवायचा, आणि पत्र याचंच असायचं, पेन्सिलीनं लिहिलेलं, चार ओळींचं.

पोरगा खिडकीकडं तोंड करून ऐकत होता. मधे एकदा त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि म्हणाला, "आणि?"

गडहिंग्लजचा स्टँड आला तेव्हा माझं अजून निम्मंही सांगून झालं नव्हतं.